मांसाहार की शाकाहार? पांडेसऱ्याच्या ताटातून उलगडणारे तीन हिशेब

सुरत शहराच्या दक्षिणेला, उधन्याच्या पलीकडे पांडेसरा लागते. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची ही वसाहत कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्यांसाठी ओळखली जाते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि महाराष्ट्रातील खानदेश येथून आलेल्या कामगारांनी हा परिसर भरलेला आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत असल्यामुळे पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत अहिराणी आणि मराठी सहज कानी पडते. बारा तासांची पाळी संपली की रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर तवे तापतात. त्यांवर उकडलेले अंडे किसून केलेला सुरतचा प्रसिद्ध ‘अंडा घोटाला’ शिजतो, शेजारच्या गाडीवर पावभाजी असते आणि गल्लीतल्या खानावळीत डाळ-भात वाढला जात असतो.

हे दृश्य ज्या राज्यात दिसते, त्या गुजरातची ओळख मात्र शाकाहारी राज्य अशी आहे. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार गुजरातमधील पंधरा वर्षांवरील सुमारे ६१ टक्के लोक शाकाहारी होते. महाराष्ट्रात हे प्रमाण ४० टक्के, तर संपूर्ण देशात २९ टक्के होते. गोव्याचे चित्र याच्या नेमके उलट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आठवड्यातून एकदा तरी मासे, कोंबडी अथवा मांस खाणाऱ्या पुरुषांचे प्रमाण गोव्यात ९४ टक्क्यांच्या घरात आहे. सोमवारी आणि श्रावणात ‘शिवराक’ जेवणारा आणि एरवी हुमणावाचून ज्याचा घास उतरत नाही, अशा गोमंतकीयाला पांडेसऱ्यातील ही सरमिसळ परकी वाटणार नाही.

मांस खावे की न खावे, हा प्रश्न आजवर धर्म आणि जात यांच्या चौकटीत विचारला जात असे. गेल्या काही दशकांत त्यात पर्यावरणाची भर पडली. तेव्हापासून ‘शाकाहार पर्यावरणाला हितकारक आणि नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ’ असे एका दमात सांगितले जाते. वस्तुतः येथे तीन वेगवेगळे हिशेब आहेत. पहिला हवा, पाणी आणि जमीन यांचा, दुसरा प्राण्याच्या वेदनेचा आणि तिसरा माणसाच्या पोषणाचा व स्वातंत्र्याचा. हे तिन्ही हिशेब एकाच उत्तरापाशी येऊन थांबत नाहीत, आणि वादातील गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

हवेचा हिशेब: रवंथ करणाऱ्यांचे ओझे

गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी हे रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या जठराच्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव गवत आंबवतात, आणि म्हणूनच माणसाला न पचणाऱ्या चाऱ्यापासून हे प्राणी दूध व मांस तयार करू शकतात. या आंबण्यातून मिथेन वायू निर्माण होतो आणि मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षेच टिकतो. पण वीस वर्षांच्या कालावधीत मोजले, तर त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट भरते. कोंबडी रवंथ करीत नाही. तिचा भार पडतो तो मका आणि सोयाबीन यांच्या खाद्यामुळे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील एकूण हरितगृह वायूंपैकी १८ टक्के वाटा पशुपालनाचा असल्याचे म्हटले होते. २०१३ मध्ये हा आकडा १४.५ टक्के, तर २०२३ मध्ये सुमारे १२ टक्के असा सुधारण्यात आला. मोजण्याची पद्धत बदलली, तरी हा वाटा मोठाच राहिला. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पूअर आणि नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतील सुमारे ३८ हजार ७०० शेतांचा अभ्यास मांडला. त्यानुसार जगातील ८३ टक्के शेतजमीन प्राणिजन्य अन्नासाठी वापरली जाते. तिच्यातून मिळतात केवळ १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिने.

याच अभ्यासातील आणखी एक तुलना अधिक बोलकी आहे. शंभर ग्रॅम प्रथिने मिळविण्यासाठी होणारे सरासरी उत्सर्जन, कार्बन डायऑक्साइडच्या मापात, मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या बाबतीत सुमारे ५० किलो आहे. मेंढी-बोकडाच्या मांसासाठी ते २०, चीजसाठी ११, कोंबडीसाठी ५.७, अंड्यांसाठी ४.२ आणि डाळींसाठी एका किलोहूनही कमी आहे. दुधासाठी हाच आकडा ९.५ च्या आसपास येतो. म्हणजे प्रथिनांच्या मापाने पाहिल्यास, जागतिक सरासरीत, दूध आणि चीज कोंबडीपेक्षा जड ठरतात. शाकाहारी ताट आपोआप हलके असते, हा समज येथे डळमळतो. डाळ-भाकरीचे ताट निःसंशय हलके आहे. पनीर, तूप आणि मिठाई यांनी भरलेल्या ताटाविषयी तसे म्हणता येत नाही.

भारताच्या बाबतीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध उत्पादित झाले, तर मांसाचे उत्पादन सुमारे १ कोटी २ लाख टन होते आणि त्यातील जवळपास निम्मे कोंबडीचे होते. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी आढळल्या. देशाच्या कृषी क्षेत्रातील उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा आहे, आणि ही जनावरे प्रामुख्याने दूध व शेतीकाम यांसाठी पाळली जातात. १९५१ साली स्थापन झालेल्या सुमूल डेअरीने सुरत जिल्ह्यातील लहान शेतकऱ्यांना दुधाचा रोजचा पैसा मिळवून दिला. तो पैसा खरा आहे आणि मिथेनही खरा आहे.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. भारतातील बहुतेक जनावरे जंगल तोडून केलेल्या कुरणांवर पोसली जात नाहीत. ती कडबा, पेंढा, पेंड अशा, माणसाच्या उपयोगी न पडणाऱ्या गोष्टींवर जगतात. त्यामुळे ॲमेझॉनच्या जंगलतोडीचा दोष येथील बोकडाच्या माथी मारता येत नाही. शिवाय भारतात दरडोई मांस उत्पादन वर्षाला सात किलोच्या आसपास आहे, तर जागतिक सरासरी चाळीस किलोंच्या पुढे जाते. ‘मांस कमी खा’ हा सल्ला अमेरिकेतील ग्राहकाला जितका लागू पडतो, तितका पांडेसऱ्यात आठवड्यातून एकदा कोंबडी खाणाऱ्या कामगाराला लागू पडत नाही.

पाण्याचा हिशेब

पांडेसऱ्यात पाण्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कापड रंगविण्याचा उद्योगच पाण्यावर चालतो. २०१४ पासून सुरत महापालिका बमरोली येथील प्रकल्पात शहराचे सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून रोज सुमारे ४ कोटी लिटर पाणी या वसाहतीतील कारखान्यांना पुरविते. देशात असे प्रयोग अजून मोजकेच आहेत.

आता अन्नाकडे पाहू. मेकोनेन आणि हूक्स्ट्रा या संशोधकांच्या जागतिक सरासरीनुसार एक किलो गोमांसामागे सुमारे १५ हजार ४०० लिटर, कोंबडीमागे ४ हजार ३०० लिटर, डाळींमागे ४ हजार लिटर, तर एक लिटर दुधामागे सुमारे एक हजार लिटर पाणी खर्ची पडते. याचा अर्थ, कारखान्यांना दिवसभर पुरणाऱ्या त्या ४ कोटी लिटरइतके पाणी अवघ्या नऊ टन कोंबडीत सामावते. अर्थात अन्नाच्या हिशेबातील बहुतांश पाणी हे शेतावर पडणारे पावसाचे पाणी असते. नळातून येणाऱ्या पाण्याशी त्याची बरोबरी करणे योग्य नाही. प्रथिनांच्या मापात हिशेब अधिक स्पष्ट होतो. एक ग्रॅम प्रथिनासाठी डाळींना १९ लिटर, अंड्यांना २९, दुधाला ३१, कोंबडीला ३४ आणि गोमांसाला ११२ लिटर पाणी लागते. डाळ येथेही पहिली येते. पण दूध, अंडे आणि कोंबडी जवळजवळ एकाच पायरीवर उभी आहेत.

वेदनेचा हिशेब: उत्तर उलटे फिरते

पर्यावरणाच्या दृष्टीने पाहिल्यास बोकडाऐवजी कोंबडी खाणे शहाणपणाचे ठरते. नीतीच्या दृष्टीने पाहताच उत्तर उलटे होते. एका बोकडातून जेवढे मांस मिळते, तेवढे मिळविण्यासाठी दहा-बारा कोंबड्या माराव्या लागतात. आधुनिक ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत कापण्याजोगी होते. अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी पुष्कळदा अशा पिंजऱ्यात आयुष्य काढते, की जेथे तिला पंखही धड पसरता येत नाहीत. भारताच्या विधी आयोगाने जुलै २०१७ मधील आपल्या २६९ व्या अहवालात याच कोंबड्यांच्या वाहतुकीचा आणि संगोपनाचा विचार करून नियम सुचविले होते. ‘अंड्यात जीव नसतो’ हा युक्तिवादही अपुरा आहे. कारण अंडी देणाऱ्या जातीतील नर पिल्ले निरुपयोगी म्हणून उबवणी केंद्रातच मारली जातात.

दुधाची गोष्टही याहून वेगळी नाही. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि जन्मणाऱ्या वासरांपैकी निम्मे नर असतात. ट्रॅक्टर आल्यानंतर बैलाची आणि रेड्याची गरज घटली. दूध आटलेल्या म्हशी व रेडे अखेर मांसाच्या व्यापारात जातात. भारत वर्षाला सुमारे १३ लाख टन म्हशीचे मांस निर्यात करतो. ती निर्यात म्हणजे दुधाच्या धंद्याचेच दुसरे टोक आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर दुधाला हिरवी खूण मिळते आणि अंड्याला तपकिरी. कायद्याच्या दृष्टीने ही रेषा सोयीची असली, तरी प्राण्याच्या दृष्टीने तिला फारसा अर्थ नाही.

हा पेच महात्मा गांधींना शंभर वर्षांपूर्वीच जाणवला होता. राजकोटमध्ये किशोरवयात त्यांनी चोरून मांस खाल्ले, विलायतेला जाताना आईला ते न खाण्याची शपथ दिली आणि लंडनमध्ये हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक वाचल्यावर विचारपूर्वक शाकाहार पत्करला. पुढे दूध काढण्यासाठी जनावरांवर होणारे अत्याचार समजल्यावर त्यांनी दूधही वर्ज्य केले. नंतर गंभीर आजारपणात ते शेळीचे दूध घेऊ लागले. शब्दाने व्रत पाळले, पण त्याचा आत्मा मोडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नोंदविली आहे. ज्या माणसाच्या नावाने शाकाहाराचा पुरस्कार केला जातो, त्याने दुधाचा प्रश्न कधीच सुटलेला मानला नव्हता.

परंपरेचा हिशेब: एक गोमंतकीय साक्षीदार

‘आपली परंपरा शाकाहारी’ हे विधान ऐकू आले की गोमंतकीय वाचकाला धर्मानंद कोसंबी आठवावेत. १८७६ साली साखवाळ येथे जन्मलेल्या या बौद्ध पंडिताने अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात अध्यापन केले. आपल्या ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहून, प्राचीन श्रमण परंपरांत मांस पूर्णतः वर्ज्य नव्हते, असे मत त्यांनी ग्रंथांच्या आधारे मांडले. त्यावरून जैन समाजात तीव्र नाराजी उमटली. अभ्यासात असे परखड राहिलेल्या कोसंबींनी जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून देह ठेवला. इतिहासाविषयी सत्य बोलणे आणि स्वतः संयमाने जगणे या दोन गोष्टी त्यांच्या ठायी परस्परविरोधी नव्हत्या.

मराठी समाजाच्या ताटालाही अनेक कप्पे आहेत. खानदेशातून सुरतेत आलेल्या कुटुंबांत तुळशीची माळ घातलेला माळकरी आणि आखाडात मटणाचा बेत करणारा त्याचा पुतण्या एकाच छताखाली राहू शकतात. वारकरी संप्रदायातील मांसत्याग हा स्वतः स्वीकारलेला नेम असतो. माळ गळ्यात घालणारा ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधत नाही. उलटपक्षी, जातीच्या उतरंडीत ज्यांच्या वाट्याला मेलेल्या जनावराचे मांस आले, त्यांच्या अन्नाची कहाणी शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात सांगितली आहे. त्या कहाणीकडे पाठ फिरवून आहाराची शुद्धाशुद्धता ठरविणे म्हणजे जुन्याच अन्यायाला नवे नाव देणे होय.

कायद्याचा आणि पोटाचा हिशेब

गुजरातमध्ये हा प्रश्न स्वयंपाकघरापुरता राहिलेला नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यातील बैल व वळू यांच्या कत्तलीवरील संपूर्ण बंदी वैध ठरविली. म्हाताऱ्या बैलाचेही शेण खत आणि इंधन म्हणून उपयोगी असते, हा त्यातील एक प्रमुख आधार होता. २०१७ च्या दुरुस्तीने गोहत्येसाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये राजकोट, बडोदा, अहमदाबाद आदी शहरांत मांसाहारी पदार्थांच्या गाड्या मुख्य रस्त्यांवरून हटविण्याच्या हालचाली झाल्या. लोकांनी काय खावे याच्याशी सरकारला कर्तव्य नाही, अशी भूमिका मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांनी त्या वेळी घेतली. डिसेंबरमध्ये गुजरात उच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेला, लोकांनी काय खावे हे तुम्ही कसे ठरविणार, अशा आशयाचा खडा सवाल केला. २०२३ च्या आरंभी मात्र उच्च न्यायालयाच्याच आदेशांनंतर परवाना व स्वच्छता यांच्या निकषांवर सुरतसह अनेक शहरांत मांसाच्या दुकानांना टाळी लागली. कोंबडी दुकानात कापता येईल की तिलाही ‘प्राणी’ मानून कत्तलखान्यातच न्यावे लागेल, यावर न्यायालयात युक्तिवाद झाले. स्वच्छतेचा आग्रह रास्तच आहे. पण परवाना मिळविण्याची ऐपत नसलेल्या दुकानदाराला आणि स्वस्त अन्न शोधणाऱ्या कामगाराला त्याची झळ सर्वप्रथम बसते.

पोषणाचा मुद्दा येथेच उभा राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गुजरातमध्ये पाच वर्षांखालील ३९ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे. गोव्यात हे प्रमाण २५.८ टक्के आहे. गुजरातमधील ६५ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, तर गोव्यात ३९ टक्के. याचे कारण केवळ आहार नव्हे. गरिबी, स्वच्छता, स्त्रियांचे शिक्षण, आरोग्यसेवा अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. तथापि बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही, आणि मुलांसाठी अंडे हा प्रथिनांचा स्वस्त व सुटसुटीत स्रोत आहे, हे आहारशास्त्र सांगते. असे असूनही गुजरातच्या शालेय पोषण आहारात अंडे नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्यास सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबविला. सधन शाकाहारी कुटुंबाला दूध, पनीर, सुकामेवा आणि औषधाची गोळी यांतून ही उणीव भरून काढता येते. ज्याच्या खोलीत दिवसपाळी आणि रातपाळीचे कामगार एकाच अंथरुणावर आळीपाळीने झोपतात, त्याच्यापाशी अंड्याखेरीज फारसा पर्याय उरत नाही.

दयेची किंमत कोण मोजतो?

सुरतची प्राणिदया जुनी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक सुरतेत होता. १६९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने येथील जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन केले आहे. म्हाताऱ्या, लंगड्या, टाकून दिलेल्या जनावरांना तेथे आश्रय मिळे. त्याच ओघात तो आणखी एक गोष्ट सांगतो. ढेकूण आणि पिसवा यांनाही रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजविले जाई. परक्या प्रवाशाने केलेल्या या नोंदीत अतिशयोक्ती असू शकेल. तरीही तिच्यातून उमटणारा प्रश्न सव्वातीनशे वर्षांनंतरही शिळा झालेला नाही. करुणा एकाची आणि तिच्यासाठी लागणारे रक्त दुसऱ्याचे, अशी वाटणी न्याय्य असते काय?

या प्रश्नाचा अर्थ करुणा व्यर्थ आहे, असा नव्हे. प्राण्याला वेदना होते, तापमान वाढते आहे, पाणी आटते आहे, ही सर्व सत्ये आहेत. त्यांतून निघणारे काही निष्कर्षही पुरेसे स्पष्ट आहेत. डाळी, कडधान्ये आणि भरडधान्ये यांचा ताटातील वाटा वाढविणे हवा, पाणी आणि प्राणी या तिन्हींच्या हिताचे आहे. खानदेशातील कळण्याची भाकरी आणि गोव्यातील अळसांदे ही त्याची घरचीच उदाहरणे. ज्यांच्या ताटात सर्व काही आहे, त्यांनी मांसाबरोबर चीज, पनीर आणि तूप यांचेही प्रमाण तपासावे. पिंजऱ्यातील कोंबडीचे हाल कमी करणारे नियम अमलात यावेत. अंड्यामागे थोडा जादा खर्च आल्यास तो गरिबाच्या ताटातून वसूल न होता शालेय आहाराच्या अनुदानातून भरून निघावा.

गोव्यासाठीही यात एक खूण आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याच्या जुन्या रीतीशी ती जुळते. एलईडी दिव्यांच्या झोतात होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. ती पाळली जाते की नाही, यावर उद्याचे नुस्ते अवलंबून आहे. खाणे न सोडताही मर्यादा पाळता येते, याचा हा किनाऱ्यावरचा दाखला आहे.

पांडेसऱ्यातील हातगाडीवर रात्री दहा वाजता अंडे फोडणाऱ्या माणसाला आणि त्याच रस्त्याने माळ जपत घरी जाणाऱ्या माळकऱ्याला एकमेकांचे ताट तपासण्याची गरज वाटत नाही. तपासायचेच असेल, तर प्रत्येकाने आधी आपले ताट तपासावे. ते कोठून आले, त्यासाठी कोण मेले, किती पाणी गेले आणि ते न मिळाल्यास कोण उपाशी राहील, हे चारही प्रश्न विचारल्यानंतर जे उत्तर येईल ते त्याचे स्वतःचे असेल. त्यातील एक जरी प्रश्न गाळला, तरी तो हिशेब अपुरा राहील.